चाळीस पावलं

"एकच ओळ आहे," अनुया लॅपटॉपकडे बोट दाखवत म्हणाली. "मागच्या वर्षीपेक्षा समुद्र लांब गेला तर अधिक एक. जवळ आला तर उणे एक. तिथेच असला तर शून्य. हे फंक्शन प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच तयार मिळतं."

"पण किती जवळ आला, ते?" अजेयने विचारलं.

"ते नाही सांगत. नुसतं चिन्ह."

तात्या, दोघांचे वडील, ओसरीवर बसून होते. गणिताचे निवृत्त मास्तर. बारा वर्षं दर कोजागिरीला ते वाडीच्या कुंपणापासून भरतीच्या रेषेपर्यंत पावलं मोजून वहीत लिहीत. चाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस. समुद्र वाडी खातो म्हणून अजेयने आईवडिलांसाठी पालीला घर बघून ठेवलं होतं. आकडे सांगतील तरच निघेन, असं तात्या अडून बसले होते.

अनुया चार वर्षांनी पुण्याहून आली होती, आणि आल्यापासून लॅपटॉपसमोरून उठली नव्हती. भाऊ वाडी विकायला टपलाय, हे तिने मनाशी धरलंच होतं.

"आई, विहिरीच्या पाण्याचा चहा कर ना."

लहानपणी वाडीच्या मधोमध, पोफळींच्या सावलीत त्या विहिरीवर ती तासन् तास बसायची. तिच्या आईने, प्रमोदिनीबाईंनी, तात्यांकडे पाहिलं.

"आता नळाचंच आणत्ये गो," त्या म्हणाल्या.

लॅपटॉपवर उत्तर आलं: पाच अधिक, पाच उणे, एक शून्य. बेरीज शून्य.

"समुद्र तिथेच आहे," अनुया अजेयला म्हणाली. "घाई तुलाच झालीय."

"एकदा मागे जाऊन बघ तरी."

"मला अंदाज नकोत, आकडे हवेत."

अजेयने पुन्हा तात्यांकडे पाहिलं. तात्या पायांच्या बोटांकडे बघत होते. मग त्याने पालीच्या घरमालकाला फोन करून घर नको म्हणून कळवलं. दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. चहा न घेताच तो गेला.

अनुयाला जिंकल्यासारखं वाटत होतं. "चला तात्या, आज कोजागिरी. या वर्षीची पावलं मी मोजते."

तात्या सावकाश उठले. "कुंपण नवं घातलंय," ते म्हणाले. "दर दसऱ्याला घालावं लागतं."

"बरं केलंत."

मागच्या दारातून दहा-बारा पावलांवरच कुंपण लागलं. फाटकातून बाहेर पडून, खाली बघत, ती मोठ्याने मोजू लागली. अडतिसाव्या पावलाला तिचा पाय अडखळला. ओल्या वाळूत विहिरीचा कठडा होता.