राखणदाराचं कलम

“आणि अठरावं कलम,” मल्लिनाथ मास्तर चावडीच्या ओट्यावरून ओरडले, “अध्यक्ष हाच फौजेचा मुख्य राहील!”

खाली बसलेल्या गावानं माना डोलावल्या. फौज म्हणजे ठासणीच्या तीन बंदुका आणि बाकी काठ्या. मास्तरांना त्या मानांची किळस आली. न्यायाला डोलावल्या, करवसुलीला डोलावल्या. अध्यक्षाच्या म्हशीला गावानं वैरण घालावी असं वाचलं असतं तरी डोलावल्या असत्या. गाढवापुढे वाचली गीता, आणखी काय!

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. निजामाचा पाटील उस्मानाबादेला पळाला होता आणि हद्दीवरच्या इतर काही गावांसारखं या गावानंही स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं होतं. पण स्वतंत्र झाल्यावर करायचं काय, हे एकट्या मास्तरांनाच ठाऊक. सोलापुरात शिकताना त्यांनी अमेरिकेची राज्यघटना वाचली होती. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. आठ दिवस खपून त्यांनी ती गावाच्या मापाची केली. अध्यक्ष कोण, हे लिहायची गरज नव्हती. लिहिता-वाचता येणारी माणसं गावात तीन, त्यातल्या एकाची नजर गेलेली आणि दुसरा पाटलाबरोबर पळालेला.

“मंजूर असेल तर हात वर करा,” मास्तर म्हणाले.

हात वर जाऊ लागले, तेवढ्यात रुद्रम्मा उठली. आठ एकर ज्वारी एकटीनं करणारी ही विधवा. अक्षराशी तिचा संबंध नाही.

“समदं ब्येस हाय, मास्तर. पर उद्या तुमी वंगाळ निघालात, तर तुमाला काढायचं कसं?”

लोक हसले. मास्तरही हसले, पण त्यांचे कान तापले. “चार वर्षांनी निवडणूक आहे. वाचलं की मी.”

“चार वर्सं लई झाली. रानाला राखणदार ठेवताना आमी आदी त्याला काढायचं कसं ते ठरवतो. ज्वारी किती द्यायची, ते मागनं.”

राखणदार! ज्या घटनेनं एवढा मोठा देश चालवला, तिला ही बाई दाण्याच्या राखणीत मोजत होती. मास्तरांनी मठ्ठ पोराकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

“रुद्रम्मा, दीडशेहून जास्त वर्षं अमेरिकेत हे चाललंय. तिथं असलं कलम नाही. तिथल्या शहाण्यांना जे सुचलं नाही, ते तुम्हाला सुचलं होय?”

आता गाव पोट धरून हसलं. रुद्रम्मा मात्र खाली बसली नाही.

“मग त्यांचं चुकलं. आपुन घालू.”

हसू हळूहळू विरलं. पुढं बसलेले खाजाभाई विणकर दाढी खाजवत म्हणाले, “घाला की, मास्तर. बाईचं म्हननं कुठं गलत हाय?” पुन्हा माना डोलल्या, पण या खेपेला भलत्याच बाजूला. वर गेलेले हातही खाली आले.

हातातोंडाशी आलेला घास जाताना बघून मास्तर घाबरले. घाला म्हणतात, तर घालून टाकावं. नंतर कोण वाचतंय! त्यांनी दौत ओढली, टाक बुडवला, तोंडानं म्हणत म्हणत लिहून काढलं. अध्यक्षानं देशद्रोह, लाचखोरी किंवा दुसरा मोठा अपराध केल्यास लोकांच्या सभेनं त्याच्यावर आरोप ठेवावा, ज्येष्ठांच्या सभेनं शपथ घेऊन चौकशी करावी, आणि तिघांत दोघांनी दोषी ठरवल्यास त्याला पदावरून दूर करावं. एक शब्द खोडावा लागला नाही.

“झालं समाधान?” त्यांनी कागद तिच्यापुढं नाचवला.

रुद्रम्मानं कागदाकडे बघितलंच नाही. ती मास्तरांच्या हाताकडे बघत होती.

“माझ्या लेकीला चार वळींचं पत्र लिव्हताना तुमी धा डाव अडता, मास्तर. आन् हे येवढं मोठं, येकदा बी न थांबता? अमेरिकेत न्हाय म्हनलात, ते तुमाला तोंडपाठ हाय. म्हंजी तिथं हाय, आन् तुमी दडवलंत.” ती गावाकडे वळली. “खाजाभाई, ह्येच कलम पैलं मास्तरास्नीच लावा. मास्तर, उतरा खाली.”