तुरटी फिरवलेलं पाणी

शाल्मलीने काचेच्या पेटीतल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि ती हादरलीच. तळ्यातून आणलेले सगळे सूक्ष्मजीव मरून पांढरेफटक पडले होते. अकरा महिने तिने त्यांना रोज तळ्याचं ताजं पाणी घालत याच पेटीत जपलं होतं. कारखान्याने तळ्यात कधी काय सोडलं, ते त्यांच्या जिवंत रंगांवरून तारखेनिशी वाचता येई. आज कोर्टात त्यांचीच साक्ष होती.

"पाणी गढूळ दिसलं, म्हणून रात्री तुरटी फिरवली," त्याच कारखान्यात सुपरवायझर असलेला तिचा दीर मुकुंदा दारातून हसत म्हणाला. "बघा वहिनी, कसं नितळ झालंय."

शाल्मलीने पेटीत पेला बुडवून भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"नुसती तुरटीच फिरवलीत ना भावजी? मग प्या."

मुकुंदाने दोन्ही हात पाठीमागे नेले.