खडखडणारा पंखा

मिस्त्रीने कम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि डोक्यालाच हात लावला. प्रोसेसर थंड ठेवणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे हीट सिंक, आणि त्यावरचा पंखा एका कोपऱ्यात शिवणाच्या काळ्या दोऱ्याने बांधलेला होता. चांगल्या तीन गाठी मारून.

हे कुणाचं डोकं, असं त्याने विचारलं. माझंच, असं घरातली चाळिशीची लेक म्हणाली. ठोकळा धरून ठेवणारी पिन तुटली, तो एका बाजूने उचलला गेला, आणि काम तर थांबवता येत नव्हतं.

काम म्हणजे इमारतींचे नकाशे. ती ते घरी बसून काढायची, कारण शेजारच्या खोलीत आई होती आणि आईचे डोळे तीन वर्षांपूर्वी गेले होते. हल्ली मशीन वीस मिनिटांत तापून बंद पडायचं, अर्धा नकाशा गिळून. ऑफिसने काल निक्षून सांगितलं होतं, सोमवारपर्यंत मशीन धड झालं तर ठीक, नाहीतर इथे येऊन बसायचं. आईला दिवसभर एकटं ठेवायचं म्हणजे काय, हे ऑफिसला कोण सांगणार?

मिस्त्री तोंडाने फटकळ, पण हाताचा हलका. त्याला एकच गर्व होता, त्याने बसवलेल्या पंख्याचा आवाज येत नाही. काम झालं की तो डब्याला कान लावायचा. काही ऐकू आलं नाही की स्वारी खूश, आणि मग डब्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवायचा.

त्याने दोरा कापला. जुन्या पंख्याचं बेअरिंग गेलं होतं, म्हणून तर ती खडखड. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात पोचवणारी पेस्ट वाळून तिची खपली झाली होती. ती पुसून त्याने वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, नवा हीट सिंक पंख्यासकट वर टेकवला आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना दाबल्या. चार वेळा टक् झालं. मशीन सुरू केलं तर नवा पंखा ढिम्म हलेना. लेकीचा चेहरा पडला. मिस्त्रीने टॉर्च मारून पाहिलं, पंख्याचीच वायर पात्यात अडकली होती. घाई केली की असं होतं, तो म्हणाला, जशी काही घाई दुसऱ्याच कुणी केली होती.

वायर मागे बांधल्यावर पंखा फिरायला लागला. फिरतोय हे बघूनच कळत होतं. लेकीने सात मजली हॉस्पिटलचा नकाशा उघडला. वीस मिनिटं झाली, तीस झाली, तापमान काही साठच्या वर जाईना. ती खुर्चीत मागे रेलली. सोमवारचं संकट टळलं होतं, आणि वर ही शांतता.

"डोकं हलकं झालं हो," ती म्हणाली.

शेजारच्या खोलीतून आईची हाक आली. लेकीने ओ दिली. थोड्या वेळाने पुन्हा हाक, पुन्हा ओ. तिसऱ्यांदा हाक आली नाही, आईच आली, भिंत चाचपत, चपला उलटसुलट घालून. लेकीने धावत जाऊन तिचा हात धरला आणि कुठे निघालीस म्हणून विचारलं. जिन्याकडे, आई म्हणाली. तू खाली गेलीस असं वाटलं, बघायला निघाले.

मी ओ दिली ना, मशीन आता आवाज करत नाही एवढंच, असं लेकीने समजावून पाहिलं.

"ओ देऊन माणूस उठून जातंच की," आई म्हणाली. "ते खडखडत असलं की तू बसलेली असतेस. थांबलं की घरात मी एकटीच."

खरंच होतं. तापतं म्हणून लेक उठताना दर वेळी मशीन बंद करायची, आणि आईने ते कधीच हेरलं होतं. मी रेडिओ लावून ठेवते, लेक म्हणाली. आईने मान हलवली. रेडिओचं काय, तो रिकाम्या घरातही गातो.

लेकीने आईला खुर्चीत बसवलं. मग ती डब्याकडे वळली.

"मिस्त्री, तो जुना पंखा आहे ना अजून?"

मिस्त्रीला ते लागलं. बावीस वर्षं लोक त्याला आवाज घालवायला बोलावत होते. आत्ता तर डोकं हलकं झालं म्हणालात ना ताई, असं त्याने बोलूनही दाखवलं.

"झालं होतं," ती म्हणाली.

पुटपुटत त्याने जुना पंखा ठोकळ्यावरून सोडवला आणि डब्याच्या मागच्या जाळीवर, बसतील तेवढ्या दोन स्क्रूंवर आवळला. सवयीने त्याचा हात तेलाच्या बाटलीकडे गेला. एक थेंब बेअरिंगला दिला असता तर निम्मा आवाज गेला असता. त्याने बाटलीचं बूच परत लावलं.

मशीन सुरू झालं. नवा पंखा गुपचूप कामाला लागला, आणि मागचा काही काम न करता नुसता खडखडू लागला. घरोघरी असा एक असतोच, मिस्त्री म्हणाला. आई हसली. उठली आणि भिंतीला हात न लावता आपल्या खोलीत गेली.

आता कान लावायचं कारणच उरलं नव्हतं. मिस्त्रीने नावाची चिठ्ठी काढली. उद्या दुसऱ्या कुणी हा डबा उघडला तर तो पहिल्यांदा हाच पंखा उपटेल, आणि बसवणाऱ्याला हसेल ते वेगळंच. त्याने नावाखाली पेनने एक ओळ लिहिली, चिठ्ठी आतल्या बाजूला पंख्याशेजारी चिकटवली आणि झाकण लावलं.

'आवाज येतो. येऊ द्यावा.'