अनुवाद विभाग

पडद्यावरची म्हातारी बोलायला लागली, तसा काकूंनी सवयीने डावा कान पुढे केला. शेजारच्या चाकांच्या खुर्चीतून काहीच आलं नाही. सात महिने झाले होते, पण कानाला ते अजून पटलेलं नव्हतं.

वाचनालयाच्या तळमजल्यावर दर रविवारी चार वाजता चित्रपट मंडळाचा खेळ असे. देशोदेशीचे चित्रपट, खाली इंग्रजी ओळी. काकूंना इंग्रजी येत नव्हतं आणि काकांना काकूंशिवाय चित्रपट बघवत नव्हता. काकांचा सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेला. ओळ पडद्यावर उमटते न उमटते, तोच ती मराठीत काकूंच्या कानात पोचलेली असे. सुरुवातीला पुढच्या रांगेने "शूऽऽ" करून करून घसा कोरडा करून घेतला. मग ग्रंथपालबाईंनी दोन खुर्च्या पार मागे, खांबाच्या आडोशाला नेऊन ठेवल्या आणि खांबावर चिठ्ठी डकवली: 'अनुवाद विभाग'. ती चिठ्ठी नऊ वर्षं तिथेच होती.

अनुवाद चोख असेच असं नाही. एकदा पडद्यावरच्या आईला सैन्यातून पत्र आलं. काका कुजबुजले, "मुलाला बढती मिळाली. यायला उशीर होईल." आई धाय मोकलून रडायला लागली. "मग रडते का हो?" काकूंनी विचारलं. "आनंदाने," काका म्हणाले. नंतर चहाच्या वेळी सगळे त्या मेलेल्या मुलाबद्दल हळहळत होते, आणि काकू मात्र बढतीचं कौतुक करून बसल्या. चारचौघांत असं हसं झाल्यावर काकूंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी काका एवढंच म्हणाले, "त्या दिवशी तुला बरं नव्हतं. कशाला सांगायचं?"

आता ते सांगणंच बंद झालं होतं. झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. सात महिन्यांत एकच शब्द धड निघत होता: "नको." औषध नको, उशी नको, दाढी नको.

त्या शब्दाची आज काकूंना धास्ती होती.

उद्या सकाळी दहाला गाडी येणार होती. मागच्या आठवड्यात काकांना न्हाणीघरातून उठवताना दोघंही पडले आणि शेजारीण येईपर्यंत दोन तास ओल्या फरशीवर पडून राहिले. काकूंच्या मनगटाला प्लास्टर आलं. मुलीने गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात काकांची सोय केली. "आई, आज रात्रीपर्यंत बाबांना सांग," ती फोनवर म्हणाली. "गाडीत बसवताना कळणं बरं नाही." सकाळपासून काकू तीनदा सांगायला म्हणून खोलीत गेल्या आणि तिन्ही वेळा चहा हवा का विचारून परत आल्या. काका "नको" म्हणाले, तर आपण गाडी परत पाठवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मग पुन्हा ती ओली फरशी होतीच.

पडद्यावर म्हातारी एका कोटाची घडी घालत होती आणि एकसारखी बोलत होती. म्हातारा खिडकीशी बसला होता. खाली भराभर ओळी येत होत्या, जात होत्या. काकांना त्या अजून वाचता येतात की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

काकू वाकल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कान मागे घेऊन तोंड पुढे नेलं.

"ती म्हणतेय," त्या कुजबुजल्या, "मला आता तुम्हाला उचलवत नाही हो."

काका पडद्याकडे बघत राहिले.

"म्हणतेय, मी फार करून बघितलं, पण हात पुरत नाहीत माझे. उद्या सकाळी गाडी येईल. तिथे दोन धट्टीकट्टी माणसं आहेत, अलगद उचलतील तुम्हाला. मी रोज येईन म्हणतेय." पडद्यावरची म्हातारी केव्हाच बोलायची थांबली होती, पण काकूंना आता थांबता येईना. "म्हणतेय, माझ्यावर राग धरू नका."

काकांनी डावा हात अंगावरून ओढत आणला आणि काकूंच्या प्लास्टरवर ठेवला. त्यांचे ओठ हलले.

"तो…"

काकू दचकल्या.

"तो… म्हण… म्हणतोय…"

काकांच्या कपाळावर घाम आला. एकेक शब्द ते प्रुफातली चूक शोधावी तसा शोधत होते. काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले. आता "नको" येणार, म्हणून त्या सगळं अंग आवळून बसल्या.

"काय म्हणतोय हो तो?"

"जाईन."

काकूंनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. म्हातारा तोंड मिटून खिडकीशी बसला होता, आणि खाली एकही ओळ नव्हती.