मोंटानाचा फोन

व्हर्जिल टॅकेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात बचावाचा प्रशिक्षक होता. त्याच्या बचावफळीने यंदा साऱ्या विभागात प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी गुण करू दिले होते. तरीही हंगाम संपल्याच्या दुसऱ्याच सकाळी कॉलेजच्या क्रीडा संचालकांनी त्याला बोलावून घेतलं.

"हेड कोचला काढलंय, व्हर्जिल. नवा येईल तो आपली माणसं घेऊन येईल."

"शेवटचा सामना आपण सहा-तीनने हरलो. माझ्या पोरांनी फक्त सहा गुण दिले, सहा! आता आक्रमणवाल्यांना गुणच करता येत नाहीत, त्याला मी काय करू?"

"तुझं काहीच चुकलं नाही," असं म्हणत संचालकांनी चाव्यांसाठी हात पुढे केला.

व्हर्जिल धुमसतच घरी आला. त्याची बायको नोरीन स्वयंपाकघरात पेपर तपासत बसली होती. बावीस वर्षांत त्याच्यामागे सहा गावं फिरून तिने दर गावी शाळेत नव्याने नोकरी शोधली होती.

"यांच्या नानाची टांग!" त्याने टोपी टेबलावर आपटली. "चुका करायच्या दुसऱ्यांनी, गाशा गुंडाळायचा मी. बरं, ऐक. वाटेतच तिकडे मोंटानातल्या एका कॉलेजातून फोन आलाय, त्यांना बचावाला माणूस हवाय. पंधरा दिवसांत निघू."

"तू जा. मी नाही येत."

"का? इथे आता काय ठेवलंय?"

"जानेवारीपासून मी मुख्याध्यापिका होतेय."

"आँ? हे कधी ठरलं?"

"सप्टेंबरात." तिने पेनाला टोपण लावलं. "म्हटलं, तुझे सामने संपले की सांगू."