पितळी तांब्या

भट्टीतली मूस लालबुंद झाली, तसा तुळशीराम ओतारी भंगारवाल्याच्या पोत्यातलं मोडीचं पितळ तिच्यात टाकू लागला. एक तांब्या हातात आला आणि तो थबकला. काठावर नाव होतं, लेकीच्या लग्नात त्यानंच कोरलेलं: 'चि. सौ. कां. हेमलता हिस'.

चार महिन्यांपूर्वी व्याही रडत म्हणाले होते, "गॅसचा असा भडका उडाला, की पोरगी तर गेलीच, पितळी भांडीसुद्धा वितळली." जन्मभर पितळ वितळवणाऱ्या तुळशीरामला तेव्हा शंकाही आली नव्हती.

तांब्यावर काजळीचा डागसुद्धा नव्हता.

त्यानं भाता थांबवला. मुशीतला रस थिजू लागला.

"अहो, मूस वाया जाईल! कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"पोलीस चौकीत." त्यानं तांब्या पोटाशी धरला. "त्यांनी भांडी आधीच बाहेर काढली होती गं."