नलूचं किट

खाडीतून निघालेलं प्लास्टिक त्यावरच्या घामावरून ओळखून ज्याचं त्याच्या घरी पोचवायचा कायदा आल्यापासून पालिकेची रेवती दिसली की लोक दारं लावून घेत. दामोदर चेऊलकर मात्र रोज तिची वाट बघत.

"आलं बघा काका, नलिनीकाकूंचं."

दिवंगत बायकोचं, साथीच्या काळातलं पांढरं पीपीई किट. चेहरा दिसेना म्हणून पेशंट घाबरत, तेव्हा नर्स नलूने छातीवर मार्करने लिहिलं होतं, 'मी हसतेय.'

"ठेवून घेतलं तर?" दामोदरांनी हळूच विचारलं.

"काका, बुरशीला घालावंच लागतं. याच्याच जोडीचा हातमोजा कासवाच्या पोटात सापडला."

"नलूने हे ऐकलं असतं, तर ती जेवली नसती," दामोदर म्हणाले आणि घरोघरी दिलेल्या प्लास्टिकखाऊ बुरशीच्या कुंडीत त्यांनी किट ठेवलं. अक्षरं तेवढी वर ठेवली.

आठ दिवसांत बुरशीने सगळं फस्त केलं. शाई मात्र तिला पचली नाही. तिच्या पांढऱ्या सायीवर, जरा वाकडंतिकडं, अजून लिहिलेलं होतं, 'मी हसतेय.'

दामोदर कुंडीपाशी उकिडवे बसले.

"दिसतंय गं," ते म्हणाले.